पासवर्ड जतन करण्यास मनाई : संकेतस्थळाची सूचना आणि ग्राहकाचा निर्णय

नेटबँकिंग वापरणारे ग्राहक शाखेत आले की एक शंका अधूनमधून विचारतात. वृत्तपत्राच्या किंवा पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर ब्राउझर 'पासवर्ड जतन करावा काय?' असे आपणहून विचारतो; काही बँकांच्या पानांवर मात्र तो मौन पाळतो. असे का? हा ब्राउझरमधील बिघाड नव्हे. ते पान तयार करणाऱ्याने जाणीवपूर्वक केलेली ती व्यवस्था असते.

संकेतस्थळाचे पान एचटीएमएल या भाषेत लिहिलेले असते. त्यातील प्रत्येक रकान्याला काही गुणधर्म जोडता येतात व 'ऑटोकम्प्लीट' हा त्यांपैकी एक होय. त्यासमोर 'ऑफ' असे लिहिले की, 'या रकान्यातील मजकूर लक्षात ठेवू नये' असा निरोप ब्राउझरला मिळतो. मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत ही सोय आणली आणि बँकांनी ती तत्परतेने स्वीकारली. त्या काळी ते योग्यच होते. घरोघरी संगणक नव्हते. सायबर कॅफेतील एकाच यंत्रावर दिवसभरात अनेक अनोळखी माणसे बसून जात. तेथे जतन झालेला पासवर्ड म्हणजे कुलपालाच लटकवून ठेवलेली किल्ली!

पुढे परिस्थिती पालटली. संगणक घरात आला, नंतर मोबाइलच्या रूपाने खिशात आला. पासवर्डांची संख्या मात्र वाढतच गेली. जतन करता येत नाही म्हटल्यावर लोक सोपा पासवर्ड निवडू लागले, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू लागले किंवा डायरीच्या मागील पानावर तो लिहून ठेवू लागले. मनाईने साधायची ती सुरक्षितता अशी उलटीच पडू लागली. म्हणून २०१३ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या अकराव्या आवृत्तीने, २०१४ मध्ये गूगल क्रोमने आणि त्यामागोमाग फायरफॉक्सने पासवर्डच्या रकान्यापुरती ही मनाई मानणे सोडून दिले. जतन करावे की नाही, हे संकेतस्थळाने नव्हे तर वापरणाऱ्याने ठरवावे, असा हा निर्णय होता. वेबच्या तांत्रिक मानकांत ब्राउझरचा उल्लेख 'वापरकर्त्याचा प्रतिनिधी' अशा अर्थाच्या शब्दांनी केला जातो, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१७ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने, तसेच अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने, पासवर्डच्या रकान्यात मजकूर 'पेस्ट' करण्याची मुभा असावी अशीच शिफारस केली.

तरीही काही संकेतस्थळे अन्य मार्गांनी तीच मनाई राबवतात. कोठे पडद्यावरील कळफलकाचा आग्रह असतो, कोठे 'पेस्ट' बंद असते, तर कोठे साध्या रकान्यालाच ठिपक्यांचा बुरखा चढवलेला असतो. तो पासवर्डचा रकाना आहे हे मग ब्राउझरच्या लक्षातच येत नाही. अशा पानांवरील बंधने हटवणारी छोटी जोडपत्रे, म्हणजे एक्स्टेन्शन, उपलब्ध असतात. आमचा स्पष्ट सल्ला असा की बँकेच्या पानासाठी ती वापरू नयेत. रकान्याचे गुणधर्म बदलण्याची परवानगी ज्या जोडपत्राला दिली, ते त्या रकान्यातील अक्षरेही वाचू शकते. त्याची गरजही नाही. क्रोम व फायरफॉक्स या दोहोंच्या पासवर्ड-व्यवस्थेत संकेतस्थळाचा पत्ता, युजर आयडी व पासवर्ड स्वहस्ते नोंदवता येतो. नोंद करताना पत्ता मात्र अचूक हवा.

पत्त्यावर एवढा भर देण्याचे कारण या विषयाच्या गाभ्याशी आहे. ब्राउझर पासवर्ड जतन करतो तो पानाच्या रंगरूपासाठी नव्हे, तर विशिष्ट पत्त्यासाठी. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल करणे भामट्यांना अवघड नाही. बोधचिन्ह तेच, रंग तेच, सूचनाही त्याच! माणसाचे डोळे फसतात. पत्त्यात इंग्रजी 'ओ' अक्षराच्या जागी शून्य असेल तर ते घाईत कोणाच्या ध्यानात येणार? ब्राउझर मात्र अक्षर न् अक्षर ताडून पाहतो आणि पत्ता वेगळा असल्यास जतन केलेला पासवर्ड पुढे करत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर 'ब्राउझर बिघडला' असे समजून तो हाताने टाइप करू नये. तेथेच थांबावे आणि पत्ता तपासावा.

अर्थात पत्ता रास्त कारणानेही बदलू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार भारतातील बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नामक्षेत्रात नेणे अपेक्षित होते. जुन्या पत्त्यासाठी जतन केलेला पासवर्ड नव्या पत्त्यावर दिसत नाही, तो यामुळेच. अशा वेळी एसएमएसमधील दुव्यावर विसंबू नये. नवा पत्ता शाखेतून पडताळून घ्यावा, नवी नोंद करावी व जुनी काढून टाकावी.

आता जेथे मनाई मोडूच नये अशी ठिकाणे. कार्यालयातील सामायिक संगणक, वाचनालय, हॉटेल, मित्राचा लॅपटॉप. येथे ब्राउझरने विचारले तरी नकारच द्यावा. घरच्या यंत्रावरही विंडोजला पासवर्ड व मोबाइलला कुलूप असणे आवश्यक. फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. गूगल खात्याशी जोडलेल्या क्रोममध्ये 'सिंक' सुरू असल्यास जतन केलेले पासवर्ड त्या खात्याने उघडलेल्या अन्य यंत्रांवरही पोहोचतात. पूर्वी वापरलेल्या एखाद्या यंत्रावर आपले खाते अद्याप उघडे नाही ना, हे गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात पाहता येते.

ब्राउझरमधील साठा चोरणारे घातक प्रोग्रॅम असतात, हेही खरे; पण यंत्रात असा प्रोग्रॅम शिरला तर हाताने टाइप केलेला पासवर्डही सुरक्षित राहत नाही. आमच्या मते मध्यममार्ग असा : स्वतःच्या कुलूपबंद यंत्रावर लॉगिनचा पासवर्ड जतन करण्यास हरकत नसावी, मात्र बँकेच्या अटींत तशी मनाई नाही ना, हे आधी वाचावे. व्यवहारासाठी स्वतंत्र पासवर्ड असल्यास तो केवळ स्मरणात ठेवावा. ओटीपी तर कोणासही सांगू नये.

खात्यातून अनधिकृत व्यवहार झाल्याचे दिसताच बँकेला तत्काळ कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाचे दायित्व ठरवताना, त्याने किती दिवसांत कळवले यास मोठे महत्त्व दिलेले होते.

एक व्यावहारिक सूचना राहिली. बँकेचा पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलावा लागत असेल, तर बदलल्यावर ब्राउझरमधील नोंदही त्याच वेळी अद्ययावत करावी. अन्यथा तो जुनाच पासवर्ड भरत राहतो आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खात्याचा ऑनलाइन प्रवेश बंद होतो.