बंदराच्या फाटकावर माल का अडतो?

माल वेळेवर तयार झाला, ट्रक वेळेवर निघाला, तरी जहाज गेले आणि कंटेनर फाटकाबाहेरच राहिला. निर्यातीच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या आपल्या बांधवांकडून ही तक्रार वरचेवर ऐकू येते. राग निघतो तो फाटकावरच्या जवानावर. पण त्या जवानाच्या हाती फार थोडे असते. तो जे नियम पाळतो ते समजून घेतले तर पुष्कळसे नुकसान टळू शकते.

हे नियम आले कोठून? ऑक्टोबर २००० मध्ये एडन बंदरात अमेरिकेच्या 'कोल' या युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली एक लहान होडी येऊन भिडली आणि १७ खलाशी ठार झाले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचा हल्ला झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००२ मध्ये लंडनच्या परिषदेत जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची एक संहिता मंजूर केली. १ जुलै २००४ पासून ती अमलात आली. धंद्यात तिला 'आय.एस.पी.एस. कोड' म्हणतात. परदेशी जाणारी प्रवासी जहाजे, ५०० टन व त्यावरील मालवाहू जहाजे आणि ती जेथे लागतात ती बंदरे तिच्या कक्षेत येतात.

संहितेत सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. पहिली नेहमीची, दुसरी धोका वाढल्याची आणि तिसरी हल्ला जवळ आल्याची. पातळी ठरवणे हे सरकारचे काम. पातळी चढली की कालपर्यंत सहज आत जाणारा ट्रक आज तासन् तास उभा राहतो. प्रत्येक बंदराला एक सुरक्षा अधिकारी आणि एक सुरक्षा आराखडा असावा लागतो. हा आराखडा गोपनीय असतो. म्हणून "आजच एवढी तपासणी का?" या प्रश्नाला फाटकावर उत्तर मिळत नाही. जवान उद्धट आहे असे दर वेळी समजू नये.

फाटकावर मुख्यतः एकच गोष्ट पाहिली जाते. माणूस, गाडी आणि पेटी यांचा मेळ बसतो की नाही? समजा भिवंडीहून कापडाचा कंटेनर न्हावा-शेवाकडे निघाला. कागदावर ड्रायव्हर एक, पण वाटेत त्याने स्टिअरिंग पुतण्याच्या हाती दिले. पुतण्या प्रामाणिक असेल, त्याच्याकडे लायसनही असेल. पण त्याच्या नावाचा परवाना नाही, म्हणून गाडी बाजूला उभी राहते. गाडीचा नंबर बदलला किंवा कंटेनरच्या नंबरात एक आकडा चुकला तरी तीच गत होते. ट्रान्सपोर्टवाल्याला हे आधीच बजावून ठेवा, आणि तोंडी नव्हे, लिहून.

सीलची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. कारखान्यात माल भरून स्वतः सील लावणाऱ्या निर्यातदारांना २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील वापरावे लागते. त्याचा नंबर कस्टमच्या शिपिंग बिलाशी जोडलेला असतो. सील तुटलेले किंवा नंबर वेगळा आढळला तर पेटी उघडली जाते, आणि तो खर्च व तो दिवस आपल्याच माथी. लहान कारागिरांचा माल बहुधा दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरात भरला जातो. तेथे सील आपल्या हाती नसते. शेजारच्या मालात गफलत निघाली तरी आपली खोकी अडकू शकतात. तेव्हा कोणाबरोबर माल टाकतो याची चौकशी करणे यात संकोच कसला?

आता एक परदेशातील उदाहरण. बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात माल सोडवून घेण्यासाठी सांकेतिक क्रमांक वापरला जात असे. २०११ च्या सुमारास अमली पदार्थांच्या टोळीने संगणकतज्ज्ञ हाताशी धरून कंपन्यांच्या संगणकांत शिरकाव केला आणि हे क्रमांक मिळवले. कायदेशीर मालात लपवलेला साठा त्यांचे ट्रक खऱ्या मालकाच्या आधी येऊन घेऊन जात. २०१३ मध्ये हे प्रकरण जगजाहीर झाले. फाटकावर पहारा होता, कागदही बरोबर दिसत होते. कुलूप तोडावे लागले नाही, किल्लीच चोरीला गेली होती.

आपल्याकडे तर काही जण कंटेनरचा व सीलचा फोटो कौतुकाने मोबाईलवर दहा ठिकाणी पाठवतात. तो फोटो एजंट आणि ग्राहक यांच्यापलीकडे जाता कामा नये. हीच गोष्ट आयात-निर्यात कोडची. ओळखीचा माणूस म्हणून "एका खेपेपुरता" कोड उसना दिला, तर पेटीत जे निघेल त्याची पहिली विचारणा कोडवाल्याकडेच होते. नात्यातला असला तरी येथे नाही म्हणावे.

शेवटी बँकेच्या एल.सी.विषयी. तिच्यात माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख असते. ती उलटली की बँक पैसे अडवू शकते, मग उशीर फाटकावर झाला असो वा कारखान्यात. ग्राहकाशी तारीख ठरवताना पुढच्या जहाजाचा दिवस आधी पाहा. पहिले जहाज चुकले तरी दुसरे त्या तारखेच्या आत सुटत असेल, एवढी मुदत मागून घ्या.