सहजतेचे इंग्रजी वाक्प्रचार : एक पाठ

वाक्प्रचाराचा अर्थ शब्दशः लावता येत नाही, हे मुलांना नियमाने सांगण्यापेक्षा परिचित दृश्यावरून दाखवावे. गुहागरच्या किनाऱ्यावरील मुलांसाठी ‘सेल थ्रू’ हा प्रयोग त्या दृष्टीने सोयीचा आहे. होड्यांवर आता यंत्रे आली असली, तरी अनुकूल वाऱ्याने शीड भरले की वल्ही मारावी लागत नाहीत, हे मुलांना सहज समजते. तीच कल्पना परीक्षेला लावावी. ‘शी सेल्ड थ्रू द एक्झाम’ म्हणजे ती परीक्षेत सहज उत्तीर्ण झाली. मराठीत शब्दयोगी अव्यय नामानंतर येते. येथे ‘थ्रू’ नामापूर्वी येते. हा भेद फळ्यावर दोन-तीन वाक्ये लिहून पक्का करून घ्यावा.

‘विन हँड्स डाउन’ हा प्रयोग घोड्यांच्या शर्यतीतून आला. विजय निश्चित झाला की स्वार हात खाली घेऊन लगाम सैल करी; म्हणून अर्थ, विनासायास जिंकणे. ‘अ पीस ऑफ केक’ यास मराठीतील ‘हातचा मळ’ जुळतो.

‘चाइल्ड्स प्ले’ मात्र जपून शिकवावा. त्याचा अर्थ अगदी सोपे काम. आपल्या ‘पोरखेळ’ शब्दात उथळपणाचा ठपकाही असतो.

हे वाक्प्रचार काम साधल्यावर मुलांच्या तोंडी यावेत. उदाहरण अडलेल्या मुलास शिक्षकाने ‘हे तर अगदी सोपे’ म्हटले, तर त्याची अडचण दूर होत नाही. ती सांगण्याचे धैर्य मात्र जाते.