नवी आवृत्ति आणि घरधन्याची मांडणी

संगणकावर एकदां बसविलेली आज्ञावली कायमची पुरत नाहीं. तींत दोष सांपडतात, नवे गुण घालावे लागतात, आणि म्हणून तिची नवी आवृत्ति वेळोवेळीं येत असते. ही आवृत्ति ज्या गांठोड्यांतून येते त्यास ‘पॅकेज’ म्हणतात.

या गांठोड्यांत दोन जातींच्या फायली असतात. पहिल्या जातीच्या फायली म्हणजे प्रत्यक्ष आज्ञावली. ती सर्वत्र सारखीच असते. दुसरी जात ‘कॉन्फिगरेशन’ची, म्हणजे मांडणीची. आज्ञावलीनें कसें वागावें हें तींत लिहिलेलें असतें, व तें ज्याच्या त्याच्या सोयीप्रमाणें बदलतें. शाळेंतील छपाईयंत्राचा पत्ता कोणता, कोणत्या वर्गास कोणतीं दालनें खुलीं, हें शिक्षकांनीं तेथें स्वहस्तें भरलेलें असतें. नव्या आवृत्तीनें ही फाईल पुसून आपली कोरी फाईल ठेविली, तर आज्ञावली निर्दोष असूनहि शाळेचें काम अडेल, आणि कित्येक दिवसांचे श्रम एका क्षणांत वायां जातील.

इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं आरंभिलेल्या डेबियन या मुक्त प्रणालींत यावर चांगली तोड काढलेली आहे. तेथील ‘डीपीकेजी’ नांवाचा कारभारी मांडणीची म्हणून नोंदलेल्या प्रत्येक फाईलीचा ३२ अक्षरांचा ठसा जपून ठेवितो. नवें गांठोडें आलें म्हणजे तो तीन ठसे ताडून पाहतो: पूर्वीच्या गांठोड्यांतील फाईलीचा, सध्यां संगणकावर असलेल्या फाईलीचा, आणि नव्या फाईलीचा. घरधन्यानें कांहींच बदललें नसेल तर नवी फाईल मुकाट्यानें बसते. बदल केवळ घरधन्याचा असेल तर त्याचीच फाईल राहते. दोघांनींहि बदल केला असेल तर मात्र कारभारी थांबून विचारतो. घरधन्यानें जुनीच राखली तर नवी प्रत ‘डीपीकेजी-डिस्ट’ ही शेपटी लावून शेजारीं ठेविली जाते. नवी घेतली तर जुनी ‘डीपीकेजी-ओल्ड’ म्हणून उरते. कोणतीहि प्रत नष्ट होत नाहीं.

‘आरपीएम’ या दुसऱ्या पद्धतींत हा भार गांठोडें बांधणाऱ्यावर अधिक पडतो. त्यानें फाईलीवर ‘नोरिप्लेस’ अशी खूण केली, तर घरधन्यानें बदललेली फाईल जागीं राहून नवी प्रत ‘आरपीएमन्यू’ नांवानें बाजूस पडते. मांडणीची म्हणून कोणतीच खूण केली नाहीं, तर नवी फाईल जुनीवर बसते व घरधन्याचे बदल जातात.

तथापि जुनें राखणें हेंच नेहमीं हिताचें असें समजूं नये. नव्या फाईलींत सुरक्षिततेची एखादी आवश्यक ओळ असूं शकते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, संगणकानें प्रश्न केला असतां घाईनें कळ दाबूं नका. दोन्ही प्रतींतील फरक दाखविण्याची सोय तेथेंच असते. तो वाचा, आणि मग निर्णय करा. पुढें तुमच्यापैकीं कोणी अशीं गांठोडीं बांधूं लागेल, त्यानें आपलें कोणतें व दुसऱ्याचें कोणतें हें आधीं ओळखावें, आणि जेथें संशय असेल तेथें पुसण्यापूर्वीं विचारावें.