बारा महिने, बारा रहस्यकथा?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळाला वर्षभर अभिजात इंग्रजी रहस्यकादंबऱ्या वाचायच्या आहेत. पण खुनी कळल्यावर चर्चेला काय उरणार? आणि मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचावी लागते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : चांगल्या रहस्यकादंबरीत खुनी कळल्यावरच खरी चर्चा सुरू होते. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’मध्ये (1926) लेखिकेने वाचकाला न्यायाने वागवले का, हा वाद आजही रंगतो.

निवड लेखकांच्या नावांऐवजी प्रकारांनुसार केल्यास तोचतोपणा टळतो. आरंभी विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ (1868) घेता येते. तिच्यातला हिरा 1799च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला आहे. ती जाडजूड असल्याने तिला दोन महिने द्यावेत. अमेरिकी धाटणीसाठी डॅशिएल हॅमेट यांची ‘द माल्टीज फाल्कन’ (1930) आणि इतिहासाच्या पुनर्तपासणीसाठी जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (1951) उपयुक्त ठरते.

मालिकांपैकी ख्रिस्ती यांचा गुप्तहेर प्वारो याच्या बहुतेक कादंबऱ्या कोणत्याही क्रमाने वाचता येतात. ‘कर्टन’ (1975) मात्र शेवटी ठेवावी. डोरोथी सेयर्स यांची ‘गॉडी नाइट’ (1935) ‘स्ट्राँग पॉयझन’नंतर (1930) वाचणे बरे.

प्रस्तावना कादंबरीनंतर वाचावी, कारण तिथे अनेकदा रहस्य फुटते. जुन्या पुस्तकांतले वंश व वर्गविषयक पूर्वग्रह चर्चेत उघडपणे मांडावेत. सुरुवातीला सहा पुस्तके ठरवणे पुरेसे. उरलेली सभासदांच्या आवडीनुसार निवडता येतात.