सँटोरिनी : राखेवर पिकलेले अन्न

कॅडेट मित्रांनो, नकाशावाचनाच्या तासाला आपण समोच्च रेषांवरून डोंगर, खिंड आणि ओढा ओळखायला शिकतो. पण त्या जमिनीवरचा माणूस काय पिकवतो आणि पाण्यावाचून कसा निभावतो, हे कळायचे तर त्याच्या ताटाकडे पाहावे लागते. ग्रीसमधील सँटोरिनी या ज्वालामुखी बेटावर मी चार दिवस राहिलो. तेथील भूगोल मला सर्वांत चांगला समजला तो जेवताना.

बेटाची घडण

अथेन्सजवळच्या पिरिअस बंदरातून निघालेली साधी बोट सुमारे आठ तासांनी येथे पोहोचते. शेवटी ती ज्या गर्द निळ्या पाण्यातून जाते, ते ज्वालामुखीचे बुडालेले तोंड आहे. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास येथे प्रचंड उद्रेक झाला. भूगर्भातील शिलारसाचा साठा रिकामा झाला, वरचे छत खचले आणि खड्ड्यात समुद्र शिरला. अशा खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. तो सुमारे १२ किलोमीटर लांब व ७ किलोमीटर रुंद आहे. काठावरचे कडे ३०० मीटरपर्यंत उंच आहेत आणि त्यांच्या माथ्यावर पांढरी गावे वसली आहेत. मधोमध निआ कामेनी हे काळे बेट आहे. तेथला शेवटचा उद्रेक १९५० मध्ये झाला.

सह्याद्रीतले बेसाल्टचे थर जमिनीच्या भेगांतून पसरलेल्या लाव्हाचे आहेत. त्यांची झीज होऊन पाणी धरून ठेवणारी चिकण काळी माती तयार झाली. सँटोरिनीवर स्फोटात उडालेली राख आणि प्युमिस नावाचा सच्छिद्र, हलका दगड पसरला. या मातीत चिकणपणा जवळजवळ नाही. ही राख चुन्यात मिसळली की पाण्यात टिकणारा गिलावा होतो. म्हणूनच सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी ती येथून नेली गेली.

टोपलीत वाढणारा वेल

बेटावर नदी नाही, पाऊस थोडा आणि वारा जोराचा. नाशिककडे द्राक्षवेल मांडवावर चढवतात. येथे तसा मांडव वाऱ्यापुढे टिकणार नाही. म्हणून शेतकरी वेलीच्या फांद्या गोल गोल गुंफून जमिनीलगत टोपली तयार करतात. तिला ‘कुलूरा’ म्हणतात. घड टोपलीच्या आत वाढतात, त्यामुळे वारा, उडणारी वाळू आणि कडक ऊन यांपासून ते वाचतात. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा प्युमिस शोषून घेतो आणि मुळांना तेवढ्यावर भागवावे लागते.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. सँटोरिनीच्या रेताड मातीत ती कीड तग धरू शकली नाही. म्हणून येथील वेली आजही कलमाविना, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. टोपली जुनी झाली की ती छाटतात आणि त्याच मुळावर नवी टोपली वळतात.

येथील मुख्य द्राक्ष असिर्टिको. त्याची पांढरी वाइन कोरडी, आंबूस आणि किंचित खारट लागते. द्राक्षे उन्हात सुकवून केलेली ‘विन्सांतो’ गोड आणि दाट असते. या चवी मोठ्यांसाठी आहेत. तुम्ही त्यामागची शेती समजून घ्या!

ताटात काय होते?

पहिल्याच जेवणात ‘फावा’ आला. पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, वर चिरलेला कांदा, ऑलिव्ह तेल आणि केपर नावाच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्या. हे कडधान्य विदर्भातल्या लाखेच्या डाळीचे भावंड आहे. दुसऱ्या पानात लहान टोमॅटो, कांदा आणि पुदिन्याची भजी होती. हा टोमॅटो सिंचनाशिवाय वाढतो, त्यामुळे साल जाड आणि चव तीव्र. सोबत पांढरे वांगे आणि शेळीच्या दुधाचे ताजे चीज होते. यांतले बहुतेक पीक थोड्या पाण्यावर येणारे. जमीन जेवढे देऊ शकते तेवढ्यातच स्वयंपाक बसवलेला होता.

वेळेवर निघण्याची शिस्त

याच कडधान्याचे दाणे बेटावरील अक्रोटिरीच्या उत्खननातही सापडले आहेत. राखेखाली गाडलेले हे प्राचीन शहर. स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी १९६७ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले. अनेक मजली घरे, सांडपाण्याची गटारे, रंगीत भित्तिचित्रे आणि साठवणीचे रांजण बाहेर आले. राखेखाली माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. उद्रेकापूर्वी भूकंप झाला होता, लोकांनी ढिगारे उपसायला सुरुवातही केली होती. पुढची चिन्हे दिसताच ते भरलेले रांजण मागे ठेवून शहर सोडून गेले. घर वाचवण्याचा मोह त्यांनी आवरला.

२०२५ च्या फेब्रुवारीत सँटोरिनीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सतत बसू लागले, तेव्हाही हजारो लोक बोटींनी आणि विमानांनी बाहेर पडले. माघार वेळेवर आणि शिस्तीत घेता येणे हाही तयारीचाच भाग आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आज बेटावर दुसरे संकट आहे. द्राक्षबागांच्या जागी हॉटेले उभी राहत आहेत आणि पर्यटकांसाठी समुद्राचे पाणी गोडे करावे लागते. थोड्या पाण्यावर जगण्याची विद्या ज्या शेतांत टिकली, तीच शेते कमी होत चालली आहेत. एकदा वेल उपटून इमारत बांधली की ते जुने मूळ परत येत नाही.

विचार करा

१. तुमच्या शाळेच्या परिसरातील माती पाणी धरते की सोडते? मूठभर माती भिजवून पाहा.
२. तुमच्या गावाकडे कमी पाण्यावर येणारी कोणती पिके होती? आजी-आजोबांना विचारून यादी करा.
३. घर पाच मिनिटांत सोडावे लागले, तर तुम्ही काय घ्याल आणि काय मागे ठेवाल? कारणांसह लिहा.