तयार झालेला कोड आणि आपल्या सूचना : जावातील सोप क्लायंट



मागील पाठात आपण एक्सएमएलची मांडणी पाहिली. त्याच आधारावर आज एक पायरी पुढे जायचे आहे. विषय आहे सोप पद्धतीच्या वेब सर्व्हिसचा जावातील क्लायंट, आणि तो आपल्या गरजेप्रमाणे लावून घेणे, म्हणजेच कॉन्फिगर करणे. पाठ बारावीच्या शनिवारच्या वर्गासाठी आहे. तरी सुरुवातीचे दोन-तीन परिच्छेद पालकांनी व विश्वस्त मंडळींनीही वाचावेत, कारण प्रयोगशाळेत मुले नेमके काय करतात हा प्रश्न सभेत निघतोच.

एका संगणकावरील प्रोग्रामने दुसऱ्या, दूरच्या संगणकावरील प्रोग्रामला प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, ही झाली वेब सर्व्हिस. सोपमध्ये हा प्रश्न एक्सएमएलच्या लिफाफ्यात घालून जातो. त्या घटकाचे नावच एन्व्हलप आहे. त्यात हेडर आणि बॉडी असे दोन भाग असतात, बॉडीत मुख्य मजकूर. सोपची १.२ ही आवृत्ती २००३ साली डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केली. त्यानंतर हलक्या पद्धती आल्या आणि नवीन कामे बहुतेक त्यांतच होतात. पण बँका, विमा आणि सरकारी खात्यांच्या जुन्या सेवा आजही सोपवर चालतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलांच्या हाती नवे काम क्वचितच पडते, जुने सांभाळायचे काम हमखास पडते. म्हणून हा पाठ.

उदाहरण म्हणून युरोपीय आयोगाची व्हीआयईएस ही सेवा घेऊ. युरोपीय संघातील एका देशाच्या व्यापाऱ्याला दुसऱ्या देशातील व्यापाऱ्याचा व्हॅट क्रमांक खरा आहे की नाही हे तिथे विचारता येते. देशाचे दोन अक्षरी चिन्ह आणि क्रमांक द्यायचा. क्रमांक वैध आहे की नाही हे कळते आणि काही देशांच्या बाबतीत नाव-पत्ताही मिळतो. (ग्रीसचे चिन्ह जीआर नसून ईएल आहे, इथे बरेच जण फसतात. ब्रिटनचे जीबी हे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून तिथे चालत नाही.) या सेवेकडे स्वतःची यादी नाही, ती त्या त्या देशाच्या नोंदवहीला विचारून सांगते. त्यामुळे कधी एखादा देश उत्तरच देत नाही. हा मुद्दा पुढे कामास येईल.

सेवेत काय विचारता येते, कोणत्या प्रकारची माहिती द्यायची आणि कोणत्या पत्त्यावर, हे सारे डब्ल्यूएसडीएल नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. ती फाइल वाचून जावाचे वर्ग लिहून देणारे साधन म्हणजे डब्ल्यूएसइम्पोर्ट. जुन्या पुस्तकांत लिहिले आहे की हे साधन जावासोबतच येते. २००६ च्या जावा ६ पासून तसे होते खरे, पण २०१८ च्या जावा ११ मधून ते काढून टाकले गेले. तेव्हा कमांड सापडत नाही असे उत्तर आले तर घाबरू नका, तुमची चूक नाही. आता मेट्रो किंवा अपाचे सीएक्सएफ ही ग्रंथालये वेगळी आणून जोडावी लागतात. पॅकेजच्या नावात जावाएक्सच्या जागी जकार्ता असा बदलही २०२० मध्ये झाला आहे.

व्हीआयईएसची फाइल साधनाला दिली की चेकव्हॅटसर्व्हिस हा वर्ग आणि चेकव्हॅटपोर्टटाइप हा इंटरफेस तयार मिळतो. पहिल्याकडून पोर्ट मागायचा आणि पोर्टवर चेकव्हॅट ही मेथड बोलवायची. तिचे प्राचल पाहून मुले गोंधळतात, कारण तिथे साधी स्ट्रिंग नसून होल्डर नावाची डबी असते. कारण सोपे आहे. ही सेवा देशाचे चिन्ह आणि क्रमांक उत्तरातही परत पाठवते, म्हणजे तीच गोष्ट आत जाते आणि बाहेरही येते. जावाची मेथड एकच मूल्य परत करू शकते, म्हणून डबी द्यायची आणि उत्तर तिच्यातून काढून घ्यायचे.

आता मुख्य गोष्ट. हे तयार वर्ग हाताने बदलायचे नाहीत. डब्ल्यूएसडीएल बदलली की साधन पुन्हा चालवावे लागते, आणि तुम्ही आत केलेली दुरुस्ती त्याच क्षणी पुसली जाते. सगळ्या सूचना बाहेरून, आपल्या स्वतःच्या एका लहानशा वर्गात द्यायच्या.

पहिली सूचना फाइलच्या जागेची. सर्व्हिसचा वर्ग उभा राहताना डब्ल्यूएसडीएल फाइल वाचतो, आणि काही सांगितले नाही तर तयार करताना दिलेल्या जागेवरूनच वाचायला जातो. जागा इंटरनेटवरची असेल आणि त्या दिवशी ते बंद असेल, तर प्रश्न विचारण्याआधीच प्रोग्राम अडतो. म्हणून फाइलची प्रत प्रकल्पातच ठेवावी आणि तिचा यूआरएल कन्स्ट्रक्टरला द्यावा.

दुसरी सूचना पत्त्याची. पोर्टला बाइंडिंगप्रोव्हायडर या प्रकारात कास्ट करायचे, त्याचा रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट मागायचा आणि त्या मॅपमध्ये एंडपॉइंट_अ‍ॅड्रेस_प्रॉपर्टी या स्थिरांकासमोर हवा तो पत्ता ठेवायचा. व्हीआयईएसने सरावासाठी वेगळा पत्ता दिलेला आहे. तिथे क्रमांक म्हणून १०० पाठवला तर वैध, २०० पाठवला तर अवैध आणि ३०१ पाठवला तर तो देश उपलब्ध नाही असे उत्तर मिळते. तयार कोड तोच, बदलतो फक्त मॅपमधला पत्ता. तो प्रॉपर्टीज फाइलमधून वाचला तर सरावाचा प्रोग्राम खरा करण्यासाठी पुन्हा कम्पाइलसुद्धा करावे लागत नाही. एक सावधगिरी : पोर्ट तयार झाल्याबरोबर पत्ता ठेवावा, मग हात लावू नये. अनेक थ्रेड एकच पोर्ट वापरत असताना एकाने पत्ता बदलला तर दुसऱ्याचा प्रश्न भलतीकडे जाऊ शकतो.

तिसरी सूचना टाइमआउटची. माझी पदवी हिंदी माध्यमातली, त्यामुळे मला समयसीमा हा शब्द जवळचा. तुम्ही कालमर्यादा म्हणा. समोरचा उत्तर देत नसेल तर किती वेळ थांबायचे? मेट्रोला काही सांगितले नाही तर तो उत्तरासाठी थांबतच राहतो, एरर नाही, काही नाही. सीएक्सएफ या बाबतीत शहाणा आहे, त्याच्याकडे जोडणीसाठी ३० सेकंद आणि उत्तरासाठी ६० सेकंद आधीपासून ठरलेले असतात.

मेट्रोमध्ये त्याच मॅपमध्ये दोन किल्ल्या ठेवायच्या : कॉम.सन.एक्सएमएल.डब्ल्यूएस.कनेक्ट.टाइमआउट आणि तशीच, कनेक्टच्या जागी रिक्वेस्ट असलेली. मूल्य मिलिसेकंदांत. पण जावा ६ ते ८ मध्ये जे ग्रंथालय आतच होते, त्याच्या किल्लीत एक्सएमएलनंतर 'इंटर्नल' हा एक शब्द जास्त आहे. दोन नावांत एवढाच फरक, आणि मॅप दोन्ही नावे मुकाट्याने ठेवून घेतो. चुकीची किल्ली ठेवली तर कम्पाइलर बोलत नाही, प्रोग्रामही बोलत नाही. मर्यादा फक्त लागू होत नाही.

आपला एक माजी विद्यार्थी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. युरोपातील ग्राहकाची बिले रात्री तपासून पाठवणारा प्रोग्राम जावा ८ वरून ११ वर नेण्याचे काम त्याच्या गटाकडे होते. नेला, चालला, सर्वांनी पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी एका रात्री समोरची सेवा गप्प बसली आणि प्रोग्राम सकाळपर्यंत तसाच उभा राहिला. एकही बिल गेले नाही. वरिष्ठांनी कोड उघडून पाहिला तर टाइमआउटची ओळ स्पष्ट लिहिलेली होती, म्हणून दोष नेटवर्कवर गेला. या मुलाची नोकरी अजून पक्की झाली नव्हती, तरी तो म्हणाला की ओळ आहे हे खरे, पण ती लागू होते हे कुणी पाहिले आहे का? किल्लीत तो जुना इंटर्नल शब्द राहिला होता. मला यात त्याच्या जावाच्या ज्ञानापेक्षा तो प्रश्न विचारण्याची हिंमत जास्त मोलाची वाटते. आपल्याकडची मुले हुशार असतात, पण मोठ्यांनी लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवायला कचरतात. पालकांनीही याचा विचार करावा.

ते 'पाहणे' कसे करायचे, हाच या शनिवारचा प्रयोग आहे. इंटरनेट लागत नाही, त्यामुळे आपल्या प्रयोगशाळेची नेहमीची अडचणही येणार नाही. एक छोटा प्रोग्राम लिहा जो ९०९० या पोर्टवर सर्व्हरसॉकेट उघडतो आणि मग नुसता झोपून राहतो. जोडणी त्याच्याशी होते, उत्तर मात्र कधीच येत नाही. डब्ल्यूएसडीएलची प्रत प्रकल्पात आहेच. एंडपॉइंटचा पत्ता याच संगणकाच्या ९०९० कडे वळवा, कनेक्टला ३००० आणि रिक्वेस्टला ८००० ठेवा, आणि घड्याळ लावून चेकव्हॅट बोलवा. जोडणी लगेच होत असल्यामुळे पहिली मर्यादा इथे कामाला येत नाही. आठ सेकंदांनी वेबसर्व्हिसएक्सेप्शन आले आणि त्याच्या पोटात सॉकेटटाइमआउटएक्सेप्शन दिसले, तर मर्यादा खरोखर लागली.

सरावाच्या सेवेत ३०२ हा क्रमांकही आहे आणि त्याचे उत्तर टाइमआउट असेच येते. पण त्यावर ही परीक्षा होत नाही. तिथे सेवा उत्तर देते, फक्त त्या उत्तरात लिहिलेले असते की तिला स्वतःला वेळ पुरला नाही. आपल्याला न आलेले उत्तर तपासायचे आहे.

हे झाल्यावर रिक्वेस्टच्या किल्लीतले एक अक्षर मुद्दाम गाळा आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवा. आठ सेकंद होतील, मिनिट होईल, तास संपल्याची घंटा होईल. कंट्रोल आणि सी दाबून तो बंद करा, वेळ वहीत लिहा आणि दोन्ही निकाल सोमवारपर्यंत मला दाखवा.