ज्या बाळाने अजून आईचे दूध घेतलेच नाही

मागील उन्हाळ्यात इशाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे थांबला. म्हणाला, “हजरत, मुलगा सातव्याच महिन्यात झाला. तेवीस दिवस झाले, दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. नळीतून डब्याचे दूध चालू आहे. त्याची आई माहेरी आहे, चिल्ला पुरा व्हायचा आहे. बाळाने एकदाही अंगावरचे दूध घेतलेले नाही. आता ते घेईल का? की वेळ निघून गेली?” थोडे थांबून त्याने दुसरा प्रश्न विचारला, “आणि माझ्या मेहुणीचे दूध नळीतून दिले तर चालेल का?”

हे दोन्ही प्रश्न केवळ त्या तरुणाचे नाहीत. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किनवट, माहूर, देगलूर, मुखेडपासून रुग्ण येतात. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्थेत निलंगा, औसा, उदगीर, अहमदपूरहून येतात. अपुऱ्या दिवसांचे बाळ शहरात आणि बाळंतीण शंभर किलोमीटरवर गावात, अशी ताटातूट आपल्या भागातील अनेक घरांनी अनुभवली आहे. म्हणून या विषयावर शरीअत काय सांगते आणि वैद्यकशास्त्र काय सांगते, हे आज एकत्र समजून घेऊ.

कुरआनचा धडा

सूरह अल्-कसस (२८ : ७-१३) मध्ये आदरणीय मूसा (अलै.) यांच्या मातेचा वृत्तान्त आला आहे. अल्लाहने तिच्या मनात घातले की, बाळाला दूध पाज; आणि भय वाटू लागले तर त्याला नदीत सोड, भिऊ नकोस, दुःख करू नकोस, आम्ही त्याला तुझ्याकडे परत आणू. बाळ फिरऔनच्या महालात पोहोचले. तेथे दाया आल्या, पण बाळ कोणाचेही दूध घेईना. शेवटी ते आपल्याच मातेच्या कुशीत परतले. तिचे डोळे निवावेत आणि अल्लाहचे वचन सत्य असते हे तिने जाणावे, यासाठी.

या वृत्तान्तात एक पात्र आपल्या नजरेतून सुटते: मूसा (अलै.) यांची बहीण. मातेने तिला बाळाच्या मागावर पाठविले. ती दुरून पाहत राहिली आणि योग्य क्षणी पुढे होऊन तिने मार्ग दाखविला. माता व बालक यांची पुनर्भेट अल्लाहने घडविली. पण त्यासाठी घरातील एका व्यक्तीला काठाकाठाने चालावे लागले. वाचकहो, ज्या घरातील बाळ रुग्णालयात आहे, त्या घराने स्वतःला विचारावे: आपल्यापैकी काठाने कोण चालत आहे?

चिल्ला आणि शरीअत

पहिला अडथळा बहुधा घरातूनच येतो. ‘चाळीस दिवस बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये’ असे वडीलधारी सांगतात. त्यामागे तिला विश्रांती मिळावी ही माया असते, हे मान्य. परंतु शरीअतमध्ये असा आदेश नाही. चाळीस दिवस ही निफासची, म्हणजे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची, हनफी मतानुसार कमाल मुदत होय. त्या काळात नमाज माफ आहे, रोजा नंतर पूर्ण करावयाचा आहे. घराबाहेर पडण्यास, रुग्णालयात जाण्यास, बाळाला छातीशी धरण्यास कोणतीही मनाई नाही. तिचे दूध पाक आहे. कपड्यावर सांडले तरी कपडा नापाक होत नाही. या अवस्थेतही दुआ आणि जिक्र यांचे द्वार तिच्यासाठी खुले आहे.

सूरह अल्-बकरामध्ये (२ : २३३) मातांनी पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख येतो आणि लगेच पित्यावर मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी टाकली जाते. पुढे असा दंडक येतो की, मुलामुळे मातेला त्रास होऊ नये व पित्यालाही होऊ नये. यातून स्पष्ट होते की स्तनपान हे एकट्या स्त्रीचे काम नाही. ती पाजते, तिला पाजता यावे अशी व्यवस्था करणे पित्याचे कर्तव्य आहे. प्रवासाचे भाडे, रुग्णालयाजवळ राहण्याची सोय, तिचे पोटभर जेवण, हा सर्व त्याच कर्तव्याचा भाग होय.

पहिली पायरी: दूध चालू ठेवणे

गर्भाचे सुमारे ३४ आठवडे पूर्ण होईपर्यंत बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ नीट साधत नाही. म्हणून त्याला नळीने दूध देतात. हा बाळाचा नकार नव्हे आणि मातेचा दोषही नव्हे. मात्र मातेचे दूध मागणीवर चालते. स्तन रिकामे झाले तरच नवे दूध तयार होते. बाळ ओढत नसेल तर हाताने किंवा पंपाने दूध काढावे लागते.

प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच आरंभ करावा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा काढावे. रात्रीची वेळ चुकवू नये, कारण दूध निर्माण करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. आरंभी केवळ काही थेंब पिवळसर चीक येतो. काही घरांत तो ‘खराब’ म्हणून टाकून देतात. ही मोठी चूक आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्गापासून सांभाळणारे घटक त्यातच सर्वाधिक असतात. थेंब थेंब स्वच्छ वाटीत धरावा आणि परिचारिकेच्या हाती द्यावा. घरून दूध न्यावयाचे असल्यास आपल्याकडील उन्हाळा ध्यानात ठेवावा. साधारण २५ अंश तापमानात ते चार तास टिकते, चाळीस अंशांत तेवढे टिकत नाही. बर्फाच्या डब्यातून न्यावे आणि साठवणुकीचे नियम रुग्णालयातच विचारून घ्यावेत.

ज्या मातेचे दूध मधल्या काळात आटले, तिनेही निराश होऊ नये. पुन्हा वारंवार काढू लागल्याने आणि बाळ छातीशी आल्याने अनेकींना पान्हा परत फुटतो. कधी पूर्ण, कधी अंशतः. अंशतः मिळालेले दूधही बाळाच्या हक्काचेच आहे.

दुसरी पायरी: त्वचेला त्वचा

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एदगार रे यांनी बाळांना मातांच्या उघड्या छातीवर बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच आज कांगारू मातृसेवा म्हणून ओळखली जाते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ही सेवा जन्मानंतर लगेच सुरू केल्यास कमी वजनाच्या नवजातांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांसाठी दिवसाला ८ ते २४ तास ही सेवा देण्याची शिफारस करते.

बाळाला फक्त लंगोट व टोपी घालून मातेच्या छातीवर उभे धरतात, वरून ओढणी किंवा दुपटे गुंडाळतात. परद्याची चिंता असणाऱ्या भगिनींनी आडपडदा मागून घ्यावा. त्यात संकोच नसावा. माता थकली असेल तर पित्याने, नानीने किंवा दादीने बाळाला असेच धरावे. त्या उबेत बाळ मातेचा गंध ओळखते आणि मातेला पान्हा येतो.

तिसरी पायरी: अंगावर घेणे

डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर घाई न करता पुढे जावे.

१. आधी दूध काढून स्तन मऊ करावा आणि बाळाला नुसते चाटू, चोखू द्यावे. नळीने दूध चालू असतानाच हे केल्यास चोखणे आणि पोट भरणे यांचा संबंध बाळाला कळू लागतो.

२. बाळ जागे व शांत असताना प्रयत्न करावा. ते भुकेने रडू लागल्यावर शिकण्याच्या मनःस्थितीत नसते.

३. बाळाचे पोट मातेच्या पोटाला टेकलेले, मान व खांदे हाताने आधारलेले असावेत. तोंड मोठे उघडल्यावरच त्याला जवळ घ्यावे. केवळ स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळसर भागही तोंडात जावा व हनुवटी स्तनाला टेकावी.

४. पहिल्या दिवशी दोन-चार घोट घेऊन बाळ झोपी गेले तरी तो विजयच आहे. उरलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. बाटली शक्यतो टाळावी, कारण तिची सवय लागल्यास बाळ अंगावर ओढण्यास कंटाळते.

५. पाजताना बाळ निळसर पडले, श्वास थांबला किंवा ते फार दमले तर लगेच थांबून परिचारिकेला बोलवावे.

घरी आल्यावर दिवसातून किमान सहा वेळा लघवी आणि वाढते वजन, ही पुरेशा दुधाची खूण होय. या काळात मध, गुटी, पाणी काहीही देऊ नये. एक वर्षाच्या आत मध धोक्याचाही ठरू शकतो. तहनीक मुस्तहब आहे, पण बाळाला अपाय होईल अशा वेळी ती लांबविणे हेच शरीअतच्या भावनेला धरून आहे. अजान देण्यासाठी पित्याने अनुमती घेऊन आत जावे. अकीका सातव्या दिवशी जमला नाही तर नंतर करता येतो. तसेच दूध पाजणाऱ्या मातेला स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याचे भय असल्यास रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे. नंतर त्यांची कजा करावी.

दुसऱ्या स्त्रीचे दूध

आता तरुणाचा दुसरा प्रश्न. दुसऱ्या स्त्रीचे दूध देणे जायज आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः आदरणीय हलीमा सादिया (र.) यांचे दूध घेतले होते. परंतु त्यामुळे नाते जुळते: जन्माने जी नाती विवाहास निषिद्ध, ती दुधानेही निषिद्ध होतात. हनफी मतानुसार दूध पिण्याच्या वयात थोडेसे दूधही पुरे. ते वाटीने दिले किंवा नाकातील नळीने पोटात गेले तरी हुकूम तोच. कोकणातील आपले शाफई बंधू पाच वेळा पाजण्याची अट मानतात. म्हणून मावशीने दूध दिले तर तिची मुले या बाळाची दूधभावंडे होतील आणि त्यांच्यात पुढे कधीही निकाह होऊ शकणार नाही. जेथे मावस-चुलत भावंडांत सोयरिकी होतात, तेथे ही गोष्ट दोन्ही घरांनी लिहून ठेवावी.

दुग्धपेढीचा प्रश्न याहून नाजूक आहे. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिने अनेक बालकांना आधार दिला आहे. परंतु पेढीत अनेक मातांचे दूध एकत्र होते आणि नाते कोणाशी जुळले हे कळत नाही. म्हणून १९८५ मध्ये जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने त्यास मनाई सांगितली. युसूफ अल्-करजावी यांच्यासारख्या विद्वानांनी मात्र अनुमती दिली. डॉक्टर त्यावाचून धोका सांगत असतील तर दात्या मातेची नोंद मिळते का ते विचारावे आणि त्याच दिवशी जाणत्या मुफ्तींचा सल्ला घ्यावा. वैद्यकीय गरजेने दिलेले डब्याचे दूध जायज आहे. एखाद्या आजारात वा औषधामुळे डॉक्टरांनी आईचे दूध थांबविले तर माता गुन्हेगार ठरत नाही. तिला टोमणे मारणारा मात्र वर सांगितलेल्या दंडकाचा भंग करतो.

काठाने चालणारे

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, “उद्या फजरनंतर सासुरवाडीला जा आणि मुलाच्या आईला घेऊन ये.” त्याच्या सासूबाई प्रथम रागावल्या, मग स्वतःच लेकीबरोबर रुग्णालयात राहिल्या. दीड महिन्याने तो भेटला. बाळ अंगावर पीत होते. पूर्ण पोट भरत नव्हते, दोन वेळा वाटीने द्यावे लागत होते. पण रात्री ते आईच्या कुशीतच शांत होत होते.

आपल्या परिचयात असे घर असेल तर विचारपूस करून थांबू नका. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधे आणि ने-आण २०११ पासूनच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार विनामूल्य आहेत, हे त्यांना सांगा. मातेसाठी डबा पोहोचवा. तिच्या मोठ्या मुलांना आपल्या घरी ठेवून घ्या. काठाने चालणे ते हेच.

अल्लाह प्रत्येक विलग झालेल्या बाळाला त्याच्या मातेच्या कुशीत परत आणो, तिचे डोळे निववो, आणि ज्या मातांची कूस रिती राहिली त्यांना सब्र व उत्तम मोबदला देवो. आमीन.